काठीचा वाटा

"मावशी, मासा मिळणं हा मुद्दाच नाहीये," असं म्हणून रणदिवे साहेबांनी तळलेल्या सुरमईचा तुकडा घावन्यात गुंडाळला.

"मगे मुद्दो काय?" मी विचारलं.

"गळ टाकणं. वाट बघणं. लागला की त्याला खेळवत खेळवत काठापर्यंत आणणं. एक फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा."

"सोडूचो? खंय?"

"समुद्रात. जिवंत."

"आणि हो तुमच्या घावन्यातलो?"

"तो बाजारातला आहे ना."

म्हणजे दुसऱ्याने मारलेला पोटात आणि आपण धरलेला पाण्यात. माझी सासू एकादशीला अशीच वागायची. स्वतः उपास करायची आणि मला कोलंबी सोलायला बसवायची. पाप वाटून घेतलं की हलकं होतं, असा काही लोकांचा समज असतो.

हे रणदिवे साहेब पुण्याचे. नवरा गेल्यावर मी घराच्या पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागले होते. पाहुणे यायचे ते दिवाळीत, नाहीतर मे महिन्यात. पौषात आमच्या कातळवाडीला कोणी येत नसे. पौषात आमच्याकडे मतलय सुटते. मतलय म्हणजे डोंगराकडून समुद्राकडे वाहणारा पहाटेचा वारा. तो सुटला की अंगणातली तुळस कुडकुडते, काठचं पाणी पाय घालवणार नाही इतकं गार होतं, आणि मासा शहाण्यासारखा खोल पाण्यात निघून जातो. रापणीची माणसं तेवढी काठावर राहतात, कारण त्यांना जायला जागा नसते.

साहेब मात्र नेमके पौषातच आले. गार पाण्यात मोठा मासा खडकांजवळ येतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. बरोबर एक काळी चकचकीत काठी, तिला घड्याळासारखं बारीक काम केलेलं चाक, आणि प्लॅस्टिकच्या रंगीत माशांनी भरलेली पेटी. ती पेटी बघून आमचे फोंडूकाका म्हणाले होते, "इतके बरे मासे घरात आसत, मगे आणिक कित्याक व्हये?" साहेबांच्या टोपीवर इंग्रजी अक्षरं होती. मला तेव्हा मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं, त्यामुळे इंग्रजी न येण्याचं वेगळं दुःख नव्हतं. मी विचारलं तेव्हा साहेबांनी अर्थ सांगितला, "पकडा आणि सोडा." मी ते वाडीत सांगितलं. त्या दिवसापासून वाडीत त्यांचं नाव पडलं 'सोडे'. सोडे म्हणजे आमच्याकडे सोलून सुकवलेली कोलंबी. साहेब होते तसेच, बारीक, वाळलेले आणि गुलाबी.

न्याहारी आटोपून साहेब काठी घेऊन निघाले. मीही टोपली घेऊन मागोमाग गेले. टोपलीत घालायला काही मिळेल अशी आशा नव्हती, पण कोळणीने टोपली न घेता किनाऱ्यावर जाणं म्हणजे भटजीने जानवं विसरून पूजेला जाणं.

किनाऱ्यावर रापणीची सगळी माणसं होडीच्या सावलीत बसली होती. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या. ते काम पाच-दहा माणसांचं नव्हे. दोन्ही दोऱ्यांना वाडीतले सगळे हात लागतात. त्या सकाळीही ओढली होती. आलं काय, तर अंगाला लागली की आग उठवणारी झार, जिला साहेब जेलीफिश म्हणत, एक फुटका डबा आणि कोणाची तरी डाव्या पायाची चप्पल.

जाळं माझ्या धाकट्या भावाचं. रवळू त्याचं नाव, रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, तोच. जाळं आमच्या वडलांनी त्याच्या हाती दिलेलं. त्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे जाळ्यालाच तो लेकरासारखं रोज वाळवायचा, उलटायचा, फाटलं की शिवायचा. बोलायचा कमी. त्या महिन्यात तर त्याने बोलणं जवळजवळ बंदच केलं होतं, कारण बोलायचं काम अंकुश मेतर करत होता.

अंकुश तिशीतला, हाताने मजबूत आणि तोंडाने त्याहून. तालुक्याच्या बंदरातल्या एका ट्रॉलरवाल्याने त्याला निरोप धाडला होता, वाडीतले जवान घेऊन ये, महिन्याला पगार देतो. जवान गेले की उरणार कोण? फोंडूकाका, ज्यांना ऐकू येत नाही, आणि असेच चार म्हातारे, ज्यांना दिसत नाही. रापण कायमची वाळत पडणार. त्याच संध्याकाळी होडीजवळ बसून ठरवायचं होतं, कोण जातो आणि कोण राहतो.

"आज सांजेक काय ता एकदाचा करून टाकूया," अंकुश मला ऐकू जाईल असं म्हणाला. "अक्का, तुझ्या भावाक सांग, तोंड पाडून बसा नको. आमी काय पळान जाणव नाय. कायद्यान जातंव."

त्याचं खरं होतं. आमच्या रापणीचे कायदे कागदावर नाहीत, पण सगळ्यांना पाठ. अर्धा मासा जाळ्याचा, अर्धा हातांचा. ज्याचा हात दोरीला लागला त्याला वाटा, मग तो वाडीतला असो की वाटेने जाणारा पोस्टमन. आणि मतलय सुटल्यावर ज्याने पहिला वाटा घेतला, तो शिमग्यापर्यंत दोरीला बांधला गेला. मध्ये सोडून गेला तर पुन्हा जन्मात त्याला वाडीत दोरीला हात लावू देत नाहीत, नि त्याच्या पोरालाही नाही. पण त्या वर्षी मतलय सुटल्यापासून वाटा घालण्यासारखं काही आलंच नव्हतं. वाटा नाही, तर बांधलेपण नाही. अंकुश मोकळा होता आणि त्याच्या मागचे सगळे मोकळे होते.

रवळू जाळ्यातली झार काठीने काढत होता. त्याने मान वर केली नाही.

"साहेब, काय गावला?" अंकुशने साहेबांना हाक मारली.

"अजून नाही."

"आमकाव नाय. बरोबरी झाली."

माणसं हसली. साहेबही हसले. त्यांना वाटलं आपल्यालाही घेतलं गड्यांत.

साहेब खडकांच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि काठी मागे नेऊन त्यांनी प्लॅस्टिकचा मासा फेकला. चाक फिरवून परत आणला. पुन्हा फेकला. पुन्हा आणला. फोंडूकाका बराच वेळ बघत होते. म्हणाले, "आपलोच मासो टाकता नि आपणच आणता. ह्याचा नुकसान काय होवचा नाय."

आणि तेवढ्यात काठी वाकली.

वाकली म्हणजे धनुष्यासारखी. चाक किंचाळायला लागलं. साहेब एक पाऊल पुढे, दुसरं पुढे, तिसरं शेवाळावर. धप्पकन् बसले आणि बसल्या बसल्या समुद्राकडे घसरायला लागले.

"गेलो सोडे," कोणीतरी म्हणालं.

आमची माणसं वाईट नाहीत. मेलं तर पोलीस येतात, हेही त्यांना माहीत आहे. अंकुश पहिला धावला. त्याने साहेबांना मागून कमरेला मिठी मारली. अंकुशला दुसऱ्याने धरलं, दुसऱ्याला तिसऱ्याने, आणि बघता बघता सगळी रापण साहेबांच्या मागे लागली.

आता, ह्या माणसांना ओढायची एकच रीत ठाऊक. पाय रोवायचे, अंग मागे टाकायचं आणि एका सुरात मागे चालायचं.

"हय्या हो!"

"अहो ओढू नका, लाइन तुटेल," साहेब ओरडले.

"हय्या हो!"

"सैल सोडा, त्याला पळू द्या, मग मी—"

"काय म्हणता तो?" फोंडूकाकांनी विचारलं.

"जोरात म्हणता," पुढचा म्हणाला.

"हय्या हो!"

साहेब म्हणजे त्या वेळी दोरी झाले होते. त्यांच्या हातात काठी, काठीला दोरा, दोऱ्याला समुद्रातलं काहीतरी, आणि मागे साऱ्या वाडीचा जोर. रवळू हातातली काठी टाकून आला आणि सगळ्यांच्या शेवटी उभा राहिला. मी टोपली ठेवली आणि त्याच्या पाठीला हात लावला. इतकी माणसं ओढताना मी नुसती बघत बसले असते तर हाताला खाज सुटली असती.

दोरा काही तुटला नाही. परदेशी आहे असं साहेब म्हणाले होते, तसाच निघाला. अशीच खडकावरून वाळूत आणि वाळूतून सुरूच्या झाडांपर्यंत वरात मागे गेली, आणि लाटेबरोबर किनाऱ्यावर आला तांबोसा. लालभडक. पाच वर्षांच्या पोराएवढा. असा तांबोसा मी मागे पाहिला होता तो माझ्या लग्नाच्या वर्षी. पौषात, काठाला, गार पाण्यात. साहेबांच्या पुस्तकाने म्हटलं ते खरं झालं होतं, आणि सगळ्यात जास्त आश्चर्य साहेबांनाच वाटलेलं दिसलं.

अंकुशने झडप घालून माशाच्या कल्ल्यात बोटं घातली. माणसं जमली. महिनाभरात पहिल्यांदा त्या किनाऱ्यावर कोणाच्या तरी तोंडाला पाणी सुटलं.

साहेब कमरेचा चिखल न झटकता धावत आले. "उचला, उचला. पटकन पाण्यात न्यायला हवा."

"धुवूक?" अंकुशने विचारलं.

"सोडायला."

अंकुशने कल्ल्यातली बोटं घट्ट केली.

"काय म्हणता?" फोंडूकाका.

"सोडूचो म्हणता."

"कोणाक?"

"माशाक."

"धरलो कोणी तेका?"

"आपण."

"मगे?"

ह्या 'मगे'ला साहेबांकडे उत्तर होतं आणि ते लांब होतं. ते वाळूत गुडघ्यावर बसले आणि समजावायला लागले. इतका मोठा मासा म्हणजे किती वर्षांचा. बहुतेक मादी असेल. ती लाखो अंडी घालते. ती सोडली तर उद्या तुमच्याच समुद्रात तुमच्याच मुलाबाळांसाठी मासे राहतील. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. खोटं बोलत नव्हते ते. फक्त सकाळी माझ्याकडे सुरमई खाऊन आले होते.

"साहेब," अंकुश म्हणाला, "आमच्या घरातव मादी आसा. आणि तिची पिल्ला जेवक मागतत. उद्याचा उद्या बघू."

"पण मासा माझ्या गळाला लागलाय."

"आणि तुमी कोणाच्या हाताक लागलात? नायतर आज माशान तुमका खेळवत खेळवत नेल्यान असता."

"मी आभारी आहे त्याबद्दल. पण तत्त्व म्हणून—"

"तत्त्व कसा रांधतत?" मागून एकजण.

वाद वाढला. साहेब म्हणाले, निदान एक फोटो काढू द्या, मग चर्चा करू. फोटोसाठी मासा उचलला, टोपी सरळ केली, सूर्य कुठे आहे ते बघितलं, पुन्हा एकदा उचलला. मग चर्चा झाली. सोडावा की कापावा, दया कोणावर करावी, समुद्र कोणाचा, पुण्याचा त्यात वाटा किती. माशाने मात्र कोणाच्या निकालाची वाट बघितली नाही. दोनदा शेपटी आपटली, तोंड उघडलं आणि मेला.

साहेबांनी त्याला हलवून पाहिलं. "अरे. अरे, हे काय."

"आता सोडा बघू," अंकुश म्हणाला.

तेव्हा रवळू पुढे आला. इतका वेळ तो नुसता उभा होता, माशाकडे न बघता माणसांची तोंडं बघत. मला वाटलं, आता हा अंकुशच्या थोबाडीत देणार. त्याने साहेबांना विचारलं, "काठी कोणाची?"

"माझी."

"गळ?"

"माझाच."

"ओढलो कोणी?"

साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. "सगळ्यांनी."

"मगे ही रापण झाली," रवळू म्हणाला. "काठी म्हणजे जाळा. अर्धो मासो काठयेचो, अर्धो हातांचो."

जो काही गोंधळ माजला तो विचारू नका. अंकुश तर नाचलाच. "तांडेलानू, डोक्यावर ऊन लागला काय? काठी म्हणजे जाळा? अर्धो मासो ह्या सोड्याक? तो समुद्रात फेकतलो हो!"

"वाटो दिल्यार त्याचा काय करूचा, ता घेणाऱ्यान बघूचा."

"आणि आमका काय? बोटभर तुकडो?"

"कायदो काय आसा?"

"कायदो—" अंकुश अडला. "कायदो अर्धो जाळ्याचो. पण—"

"मगे अर्धोच."

मलाही राग आला. रवळूला ओळखत असलेल्या कोणालाही आला असता. जाळ्याचा अर्धा एरवी त्याच्याच घरात जायचा. आज तो स्वतः एका तुकड्यावर आणि तो परका माणूस अर्ध्या तांबोशावर. मी जवळ जाऊन म्हटलं, "रवळ्या, खुळो झालंस?" तो म्हणाला, "अक्का, कोयती दी."

त्याने मासा कापला. गळ डोक्याकडे अडकलेला, म्हणून डोक्याकडचा अर्धा साहेबांचा. शेपटीकडचा अर्धा त्याने वाळूवर केळीच्या पानावर घेतला आणि त्याचे हातांइतके तुकडे केले. तुकडे इतके सारखे की तोलले तरी काटा हलला नसता. मग एकेकाला पुढे बोलावून तुकडा हातावर ठेवताना विचारायचा, "घेतंस?"

"घेतंय."

"घेतंस?"

"घेतंय, घेतंय."

एरवी तो कधी विचारत नसे. तुकडा फेकायचा आणि पुढचा बघायचा. आज लग्न लावणाऱ्या भटासारखं प्रत्येकाकडून वदवून घेत होता. अंकुशने तोंड वाकडं करून म्हटलं, "घेतंय बाबा. आता काय सही करू?" माझ्याही हातावर तुकडा आला. मीही म्हटलं, घेतंय.

शेवटी साहेब. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. देवळात प्रसाद घेतात तसे.

"घेतास?"

"घेतो. आणि हा आता पूर्णपणे माझा?"

"तुमचोच."

"मी ह्याचं काहीही करू शकतो?"

"व्हय."

साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. त्या गार पाण्यात ते अर्धा तांबोसा घेऊन शिरले, वाकले, आणि त्यांनी तो अलगद पाण्यात सोडला. डोकं होतं, शेपूट नव्हतं, तरी त्याला पाठीवर थोपटलं. आमच्या सगळ्यांच्या हातात एकेक तुकडा आणि डोळ्यांसमोर निम्मा मासा समुद्रात. एक म्हातारी तोंडाला पदर लावून रडायला लागली.

लाट आली आणि मासा परत साहेबांच्या पायाशी. त्यांनी पुन्हा ढकलला. लाटेने पुन्हा आणून दिला. "जा," साहेब त्याला म्हणाले. तिसऱ्यांदा लाटेने तो साहेबांना वळसा घालून थेट वाळूवर आणून टाकला. आम्ही सगळे पुढे सरकलो, पण वाडीतला तांबडा कुत्रा आमच्यापेक्षा आधी सरकला. अर्धा तांबोसा तोंडात घेऊन तो सुरूच्या बनात दिसेनासा झाला. त्या दिवशी सगळ्यात मोठा वाटा त्याला गेला.

साहेब भिजल्या पायांनी बाहेर आले. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "मावशी, निसर्गाचं निसर्गाला मिळालं." माझ्या हातात तुकडा होता आणि कोयतीही होती.

दिवस कलला तेव्हा सगळे होडीजवळ जमले. घराघरातून तिरफळाचा वास येत होता. महिन्याभराने वाडीत माशाचं कालवण झालं होतं, आणि बोटभर तुकड्याच्या जिवावर माणसं भरल्या पोटाची दिसत होती. साहेबही गंमत बघायला माझ्याबरोबर आले. गावची बैठक त्यांनी कधी पाहिली नव्हती.

अंकुश उभा राहिला. भाषण त्याने चांगलं बसवलं होतं. ट्रॉलरवर पगार आहे, इथे झार आहे. तांडेलाबद्दल मनात काही नाही, पण पोट कोणाला चुकलंय. "उद्या सकाळी मी जातलंय. कोण कोण येतलास, त्यांनी आता हात वर करा."

हात वर व्हायला लागले. चार, पाच. मग धडाधड. रवळू खाली वाळूत बसला होता. त्याने वर न बघताच विचारलं, "अंकुश, आज काय जेवलंस?"

"भात नि मासो."

"कसलो मासो?"

"तांबोसो. तूच दिलंस मा?"

"दिलंय कसो? काय म्हणान?"

वर झालेले हात तिथेच थांबले. फोंडूकाकांना ऐकू येत नाही, पण काही गोष्टी त्यांना सगळ्यांच्या आधी ऐकू येतात. ते म्हणाले, "वाटो."

एक हात खाली आला. मग दुसरा.

"ता काय रापण न्हय," अंकुश ओरडला. "तो साहेबाचो मासो. साहेबान दिलो, आमी खाल्लो. दान समज."

"दान आसता तर सगळो तुमका दिलो नसतो?" रवळू म्हणाला. "अर्धो साहेबाक दिलंय. तूच बोंब मारलंस, अर्धो कित्याक म्हणान. कायदो म्हणान दिलंय. मोजून दिलंय. विचारून दिलंय. दान कोणाक बांधणा नाय, अंकुश. वाटो बांधता."

तेव्हा मला कळलं की माझ्या भावाने अर्धा तांबोसा कशापायी कुत्र्याच्या तोंडात जाऊ दिला. काठी जाळं झाली नसती, तर मासा रापणीचा झाला नसता. आणि साहेबांना अर्धा मिळाला नसता, तर काठी जाळं झाली नसती. सगळी वाडी मासा बघत होती तेव्हा हा एकटा शिमगा बघत होता.

अंकुशने तोंडात दोन बोटं घालायचं सोंग केलं. "ओकान टाकतंय."

"टाक. पण तुझ्या बायलेन नि पोरांनीव खाल्ल्यानी. तेंका कसा ओकवतलंस?"

कोणीतरी हसलं. मग दुसरं. आधी तांडेलाला शिव्या घालत, मग अंकुशला, मग स्वतःच्या जिभेला, सगळे हसायला लागले. रडण्यासारखं होतं, पण इतकी माणसं एका वेळी एका तुकड्याने फसलेली पाहून रडू येत नाही. सगळ्यात मोठ्याने रणदिवे साहेब हसत होते. मांडीवर थापा मारत होते. "ग्रेट," म्हणत होते. "काय डोकं आहे. मानलं तांडेलकाका."

रवळू त्यांच्याकडे वळला. "पहाटे दोरीर येवा."

"बघायला? नक्की येतो."

"ओढूक."

"मी?"

"वाटो घेतलात मा?"

साहेबांचं हसू ओसरायला थोडा वेळ लागला. "पण काका, मी तर माझा वाटा सोडला. सगळ्यांच्या समोर."

"सोडूक आधी घेवचा लागता, साहेब," फोंडूकाका म्हणाले.

"अहो, पण तो कुत्र्याने खाल्ला."

"कुत्र्याकव बोलवूया," अंकुश म्हणाला. आपल्याबरोबर आणखी कोणी बुडतंय म्हटल्यावर त्याला एकदम तरतरी आली होती. "पण आधी तुमी. घेतो म्हणालात. मी ऐकलंय. सगळ्यांनी ऐकल्यानी."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पाणी तापवन ठेवतंय."

पहाटे मतलय अशी सुटली होती की कानाच्या पाळ्या दुखाव्यात. रापणीतली एकूण एक माणसं आली होती. आली म्हणजे कशी, तर पोलिसांनी उचलून आणल्यासारखी, एकमेकांकडे न बघता, डोक्याला टॉवेल गुंडाळून. ट्रॉलरवाल्याचा माणूस वाट बघत उभा होता. त्याला अंकुशने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण तो गाडी वळवून गेला. साहेब पुणेरी स्वेटर घालून आले. तांबडा कुत्राही आला. स्वखुशीने आलेला तो एकटाच.

साहेबांना अंकुशच्या पुढे दोरीला लावलं. पाणी मांडीपर्यंत. पहिल्या ओढीला साहेबांच्या तोंडून जो शब्द निघाला तो त्यांच्या पुस्तकात नसावा. तो ऐकून अंकुशला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला असणार, कारण त्याने आपल्या डोक्याचा टॉवेल काढून साहेबांच्या हाताला गुंडाळून दिला. दोरीने तळवे सोलवटतात, आणि पुण्याच्या कातड्याचे तर लवकरच.

जाळं आलं तेव्हा सूर्य डोंगरावर आला होता. आत नेहमीचीच झार, आणि तिच्यामधून वेचून काढलेले थोडे पेडवे, बोटाएवढे. रवळूने अर्धे जाळ्याचे म्हणून बाजूला काढले, उरलेले हातांत वाटले. वाट्याला मूठभरही येईनात. साहेबांच्या ओंजळीत पडले मोजून चार. त्यातला एक अजून हलत होता.

सगळी रापण त्यांच्याकडे बघत उभी राहिली. साहेबांनी ओंजळीकडे पाहिलं. समुद्राकडे पाहिलं. तो दोन पावलांवर होता. ओठ निळे पडलेले, दात वाजत होते, हातातून रक्त येत होतं. मग त्यांनी डोक्यावरची ती टोपी काढली, चारही पेडवे टोपीत टाकले आणि तिचं तोंड मुठीने आवळून धरलं, जणू आम्ही हिसकावून घेणार होतो.

"मावशी," ते म्हणाले, "हे तळता येतात का?"

"येतत," मी म्हटलं. "काट्यासकट खावचे."

ते माझ्या घराकडे चालायला लागले. मागे दोऱ्या गुंडाळायचं काम सुरू झालं होतं, आणि अंकुश दोरीच्या प्रत्येक वेटोळ्याबरोबर रवळूला एक शिवी देत होता. त्याची, त्याच्या काठीची, त्याच्या कायद्याची, बापाची. बाप माझाही होता, पण मी मध्ये पडले नाही. रवळू जाळं वाळूवर पसरत होता. मध्येच तो थांबायचा, कुठली शिवी चुकली असेल तर पुन्हा ऐकू यावी म्हणून, आणि मग पुढचा फास सरळ करायला वाकायचा.